आडवळणाची ओपनिंग: सापळा समोरच्याला दिसला तर काय उरतं?

गेल्या उन्हाळ्यात माझा भाचा बुद्धिबळाची सहा फेऱ्यांची एक रॅपिड, म्हणजे कमी वेळाच्या डावांची, स्पर्धा खेळून आला. तीन डावांत त्याला काळी मोहरी मिळाली. पहिले दोन डाव त्याने दहा चालींच्या आत जिंकले. तिसऱ्या डावात त्याने चाली अगदी त्याच केल्या, पण समोरचा मुलगा फसलाच नाही आणि वीस चालींत ह्याचा निकाल लागला. घरी आल्यावर पट मांडून त्याने मला विचारलं, "मामा, मग ही ओपनिंग चांगली की वाईट?"

प्रश्न फार चांगला आहे. बुद्धिबळ शिकणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी पडतो, पण बहुतेक जण दोनतीन डावांच्या निकालावरून त्याचं उत्तर ठरवून टाकतात. उत्तर काढायची एक रीत आहे आणि ती कुणालाही जमते. त्यासाठी मी तीन ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, शेजारीशेजारी ठेवतो. तिन्हींत पांढऱ्याने डी४ खेळल्यावर काळा लवकरच ई५ करून प्यादं देऊ करतो. खेळी एकच, पण एकीत ती पोरकट ठरते, दुसरीत धाडसाची आणि तिसरीत बऱ्यापैकी भरवशाची.

पटाच्या उभ्या पट्ट्या पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच, आणि आडव्या ओळी त्याच्या बाजूने १ ते ८. एवढं ध्यानात ठेवून पट समोर घेतलात तर पुढचं सगळं हाताने खेळून बघता येईल. तसंच बघा, नुसतं वाचून मजा नाही.

भाच्याची ओपनिंग होती एंग्लुंड गॅम्बिट. गॅम्बिट म्हणजे सुरुवातीलाच प्यादं देऊन त्याचा मोबदला मिळवायला बघणारी ओपनिंग. फ्रिट्झ एंग्लुंड या स्वीडिश खेळाडूचं नाव तिला मिळालं आहे. पांढरा डी४, काळा लगेच ई५. पांढऱ्याने प्यादं मारलं की काळ्याचा घोडा सी६ वर येतो, पांढऱ्याचा घोडा एफ३ वर, आणि काळ्याचा वजीर ई७ वर. ई५ च्या प्याद्यावर आता घोडा आणि वजीर दोघांचा डोळा आहे, म्हणून पांढरा उंट एफ४ वर आणून त्याला आधार देतो. अगदी साहजिक खेळी. तेवढ्यात काळा वजीर बी४ वर येऊन शह देतो, आणि एफ४ चा उंट नि बी२ चं प्यादं दोन्हींवर त्याची नजर पडते. उंट डी२ वर येऊन शह अडवतो, वजीर बी२ मारतो आणि ए१ च्या हत्तीवर येऊन बसतो.

इथे पांढऱ्याला वाटतं, उंट सी३ वर ठेवला की हत्तीही वाचला आणि वजीरही कोंडला. खेळी हात उचलून करावीशी वाटते. पण काळा उंट बी४ वर येतो आणि सी३ चा उंट राजापुढे जखडला जातो, त्याला वजीर मारताच येत नाही. पांढरा वजीर डी२ वर मदतीला येतो, काळा सी३ वर मारतो, पांढरा वजिराने परत मारतो, आणि काळा वजीर सी१ वर उतरून मात देतो. घोड्याने परत मारलं तर ए१ चा हत्ती जातो. भाच्याचे पहिले दोन डाव असेच संपले होते.

तिसऱ्या मुलाने उंटाऐवजी बी१ चा घोडा सी३ वर काढला, बस्स. पहिल्या ओळीतली वाट मोकळी झाल्यामुळे पांढऱ्या वजिराचा ए१ च्या हत्तीला आपोआप आधार मिळाला, आणि वर हत्ती बी१ वर आणून काळ्या वजिराला पळवायची धमकी. उंट बी४, हत्ती बी१, वजीर ए३, हत्ती बी३, वजीर ए५. आता थांबून मोजा. काळ्याच्या आठ खेळ्या झाल्या, त्यातल्या पाच एकट्या वजिराच्या. पांढऱ्याचे दोन्ही घोडे, एक उंट आणि एक हत्ती कामाला लागले आहेत. प्यादी सारखीच आहेत, म्हणजे कागदावर काही गेलेलं नाही, पण काळ्याने सगळा वेळ वजीर धावडवण्यात घालवला आणि त्याबदल्यात हाती काही आलं नाही.

यातूनच पहिली आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची कसोटी निघते. सापळा लावणारी चाल बघा आणि स्वतःला विचारा: समोरच्याला सापळा दिसला, तरी ही चाल मी खेळलो असतो का? एंग्लुंडमध्ये वजीर ई७, बी४, बी२ या चालींना सापळ्याखेरीज दुसरा अर्थच नाही. सापळा चुकला की त्या चालीही वाया.

याच्या उलट बुडापेस्ट गॅम्बिट बघा. डी४ ला काळा आधी घोडा एफ६ वर काढतो, पांढरा सी४ करतो, आणि मग ई५. पांढरा मारतो, काळा घोडा जी४ वर उडी मारतो आणि गेलेल्या प्याद्याचा हिशेब मागायला लागतो. पांढरा उंट एफ४ वर, काळ्याचा दुसरा घोडा सी६ वर, पांढऱ्याचा घोडा एफ३ वर. काळा उंट बी४ वर शह देतो, पांढरा बी१ चा घोडा डी२ वर आणून अडवतो, काळा वजीर ई७. आता पांढऱ्याने ए३ करून उंटाला हाकललं, तर काळा उंटाकडे ढुंकूनही न बघता जी४ च्या घोड्याने ई५ चं प्यादं मारतो. पांढऱ्याने हावरेपणाने उंट मारला तर घोडा डी३ वर, आणि मात! ई२ चं प्यादं घोड्याला मारू शकत नाही, कारण ई७ चा वजीर त्याच पट्टीत त्याच्यामागच्या राजावर टपलेला असतो. राजाला हलायला एकही घर नाही, सगळीकडे त्याचीच माणसं. जर्मन खेळाडू गेओर्ग कीनिंगर याच्या नावाने हा सापळा ओळखला जातो.

पण खरी गोष्ट पुढे आहे. समजा पांढऱ्याला मात दिसली. तो घोड्याने ई५ वर मारतो, काळा दुसऱ्या घोड्याने परत मारतो, पांढरा ई३ करून डी३ चं घर झाकतो, काळा डी२ वर उंटाने घोडा घेतो, पांढरा वजिराने परत मारतो. काय झालं? काळ्याला प्यादं परत मिळालं. पांढऱ्याकडे दोन्ही उंट राहिले हा त्याचा थोडा फायदा, पण काळ्याचा डाव धडधाकट आहे, पुढे डी६ करून किल्लेकोट करायचा, म्हणजे राजा हत्तीआड सुरक्षित न्यायचा, आणि खेळत राहायचं. म्हणजे ई५ वर मारणं ही सापळा नसता तरीही खेळायची चाल होती, सापळा तिच्याबरोबर फुकट आला. स्लोव्हेनियाच्या मिलान विडमारने १९१८ मध्ये बर्लिनला याच ओपनिंगने रुबिनस्टाइनसारख्या दिग्गजाला चोवीस चालींत हरवलं होतं. एका डावाने काही सिद्ध होत नाही हे खरं. पण शंभरावर वर्षं लोक ही ओपनिंग मोडून काढायला बघत आहेत आणि ती अजून उभी आहे, हे बरंच काही सांगतं.

आता मधली, म्हणजे धाडसाची. माझा जीव खरा हिच्यावर आहे.

डी४ डी५, सी४ ई५. ही आल्बिन काउंटरगॅम्बिट. बुखारेस्टमध्ये जन्मलेल्या अॅडॉल्फ आल्बिनने ती १८९३ मध्ये न्यूयॉर्कच्या स्पर्धेत पुढे विश्वविजेता झालेल्या इमॅन्युएल लास्करविरुद्ध खेळली आणि हरला. त्या स्पर्धेत लास्करने तेरापैकी तेराही डाव जिंकले होते, त्यामुळे त्या पराभवाचा दोष ओपनिंगच्या माथी मारणं बरं नव्हे. ओपनिंग त्याच्याही आधीची, १८८१ च्या मिलानच्या स्पर्धेत ती दिसली होती, पण नाव लागलं आल्बिनचं.

पांढऱ्याने ई५ मारल्यावर काळा परत मारायला जात नाही. तो डी५ चं प्यादं एक घर पुढे, डी४ वर ढकलतो. हे प्यादं म्हणजेच दिलेल्या प्याद्याचा मोबदला. ते पांढऱ्याच्या घरात खुंटीसारखं रुततं. पांढऱ्या घोड्याला त्याच्या आवडत्या सी३ वर येता येत नाही. ई३ करून उंटाला वाट काढावी म्हटलं तर तिथेही अडचण.

अडचण किती, ते बघा. पांढऱ्याने चौथ्याच चालीला ई३ करून प्याद्याला हाकलायला घेतलं, तर काळा उंट बी४ वर शह देतो, पांढरा उंट डी२ वर अडवतो, आणि काळा डी४ च्या प्याद्याने ई३ मारतो. पांढऱ्याने बी४ चा उंट मारला की प्यादं एफ२ मारून शह देतं. राजाने प्यादं मारलं तर काळा वजीर डी१ चा वजीर उचलतो, म्हणून राजा ई२ वर जातो. आता प्यादं जी१ च्या घोड्याला मारून शेवटच्या ओळीत पोचलं. कुणीही वजीरच मागेल. पण वजीर केला तर पांढरा डी८ वर शह देत वजिरावजिरी करतो, मग हत्तीने नवा वजीर मारतो, आणि सगळा जोर संपतो. काळ्याने घोडा मागायचा! जी१ वरचा घोडा ई२ च्या राजाला शह देतो, त्यामुळे पांढऱ्याला डी८ मारायला उसंतच मिळत नाही. हत्तीने घोडा मारला तर उंट जी४ वरून शह देतो आणि राजामागचा वजीर जातो. राजा ई१ वर परतला तर काळा वजीर एच४ वर शह देऊन धुमाकूळ सुरू करतो. सातव्या चालीला प्याद्याचा घोडा करणारा हा सापळा लास्करच्या नावाने प्रसिद्ध आहे. मी तो पहिल्यांदा पटावर लावून पाहिला तेव्हा रात्री किती तरी वेळ मोहरी परतपरत मांडत बसलो होतो.

आपली कसोटी इथे लावू. पांढऱ्याला सापळा दिसला आणि त्याने बी४ चा उंट न मारता एफ प्याद्याने ई३ वर मारलं तर? तरी पांढऱ्याची ई पट्टीतली प्यादी एकामागे एक अडकली, राजा उघडा पडला, काळा वजीर एच४ वर शह देऊन मग ई४ वर येऊन बसतो. काळा मजेत आहे. म्हणजे चौथ्या चालीचा ई३ हाच चुकीचा, आणि त्याला शिक्षा देणाऱ्या काळ्याच्या चाली खऱ्याखुऱ्या चांगल्या. इथपर्यंत आल्बिन पास.

पण परीक्षा वाईट चालीसमोर घ्यायची नसते, चांगल्या चालीसमोर घ्यायची असते. पांढऱ्याची चांगली चाल आहे घोडा एफ३, आणि दुर्दैवाने ती कुणालाही सुचते. घोडा ई५ ला आधार देतो आणि डी४ वर नजर ठेवतो. काळा घोडा सी६ वर. इथून पांढऱ्याचे मुख्य तीन रस्ते आहेत. घोडा डी२ वरून बी३ वर नेऊन डी४ वर माणसं वाढवायची. याला काळा ई७ मार्गे एफ५ वर घोडा आणून बऱ्यापैकी तोंड देतो. दुसरा जी३ चा, उंट जी२ वर ठेवून छोटा किल्लेकोट. काळा वजीर डी७ वर आणतो, मोठ्या, म्हणजे वजिराच्या बाजूला किल्लेकोट करतो, उंट एच३ वर नेतो आणि एच पट्टीचं प्यादं दामटतो. बघायला भन्नाट डाव! पण पांढऱ्याचा जी२ चा उंट थेट बी७ कडे रोखलेला असतो, बी४-बी५ ची प्यादी तयार असतात, आणि शर्यतीत बहुतेकदा पांढराच आधी पोचतो.

तिसरा रस्ता ए३ चा. यावर रशियन ग्रँडमास्टर अलेक्झांडर मोरोझेविचने दाखवलेली कल्पना मला आल्बिनमधली सगळ्यांत प्रामाणिक वाटते: राजावर हल्ल्याचं सोंग नको, सरळ जी८ चा घोडा ई७ वरून जी६ वर न्यायचा आणि ई५ चं प्यादं परत मिळवायचं. बोरिस गेलफंडसारख्या ग्रँडमास्टरांसमोरही तो आल्बिन घेऊन बसला आहे. पांढरा बी४ आणि उंट बी२ करतो, काळा ए५ करून बी५ करायला लावतो, आणि मग सी६ च्या घोड्याने ई५ चं प्यादं मारतो. घोड्याघोड्याची मारामारी होऊन काळ्याचा दुसरा घोडा ई५ वर येतो. हिशेब बरोबर झाला, असं वाटतं ना?

इथेच पांढरा शांतपणे ई३ करतो. काळ्याने लगेच डी४ च्या प्याद्याने ई३ मारलं, तर पांढरा डी८ वर वजीर मारून शह देतो, राजाला परत मारावंच लागतं, आणि डी४ चं घर रिकामं झाल्यामुळे बी२ चा उंट दूरवरून येऊन ई५ चा घोडा उचलतो. एका प्याद्याच्या बदल्यात अख्खं मोहरं गेलं. म्हणून काळ्याला उंट ई६ वर काढून डी४ चं प्यादं सोडावं लागतं आणि त्याच्या बदल्यात सी४ चं मिळवावं लागतं. डाव चालतो, पण पांढऱ्याचे उंट मोकळे, मोहरी पुढे, आणि ज्या खुंटीच्या जोरावर एवढं केलं ती खुंटीच उपटली गेलेली. मेहनत करून काळा जिथे पोचतो तिथे तो अजूनही जरा मागेच असतो. माझा कौल असा: आल्बिन मोडलेली नाही, पण तिच्यात उधारी आहे, आणि पांढरा तयारीचा असेल तर ती फेडावी लागते.

हे इंजिनला, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक प्रोग्रॅमला, विचारलं तर? जरूर विचारा, पण आकडा वाचायला शिका. सुरुवातीच्या मांडणीत स्टॉकफिश हे इंजिन पांढऱ्याला साधारण पाव गुण जास्त देतं. बुडापेस्टमध्ये हा आकडा त्याहून वाढतो, आल्बिनमध्ये पाऊण ते एकच्या आसपास, आणि एंग्लुंडमध्ये तो एकाच्या बराच पुढे जातो. पूर्वी एक म्हणजे एका प्याद्याची आघाडी असं आपण समजायचो. २०२२ च्या अखेरीस आलेल्या स्टॉकफिश १५.१ पासून या आकड्याचं माप बदललं: अधिक एक म्हणजे इंजिन इंजिनाशी खेळलं तर त्या बाजूची जिंकण्याची शक्यता पन्नास टक्के. उरलेले डाव बहुतेक बरोबरीत सुटतात. म्हणजे आल्बिनसमोर यंत्रसुद्धा दर वेळी जिंकत नाही. तुमच्या गल्लीतल्या प्रतिस्पर्ध्याचं तर सोडाच.

आकड्यापेक्षा मी दुसरी गोष्ट बघतो. इंजिनला एका वेळी पाच पर्याय दाखवायला सांगायचे आणि पांढऱ्याच्या पाचही चाली वाचायच्या. पाचपैकी चार चालींनी पांढरा छान राहत असेल तर ओपनिंग वाईटच, कारण त्याला चूक करायला जागाच नाही. एकाच चालीने तो बरा राहत असेल, तर ती चाल किती अवघड आहे ते बघायचं. एंग्लुंडच्या सहाव्या चालीला पांढऱ्याला एकच चाल नीट सापडायला हवी असते, पण ती कोणती? घोडा सी३. पहिल्या आठवड्यात शिकवतात ती. सापळा एकदा बसला की मूल ती आयुष्यभर विसरत नाही. आल्बिनमध्ये ए३, बी४, उंट बी२ आणि मग नेमक्या वेळी ई३, ही माळ पटावर बसून शोधणं जड जातं. दोन्हींच्या आकड्यांत जेवढा फरक दिसतो, त्याहून प्रत्यक्षात तो कितीतरी मोठा आहे.

खेळून झालेल्या डावांच्या डेटाबेसमधले निकाल मात्र जपून वापरा. इंग्लंडच्या टोनी माइल्सने १९८० मध्ये स्वीडनमधल्या स्कारा इथे युरोपियन सांघिक स्पर्धेत विश्वविजेत्या कार्पोव्हच्या ई४ ला चक्क ए६ खेळून डाव जिंकला. म्हणून ए६ श्रेष्ठ ठरत नाही. तो डाव माइल्सने पुढच्या चालींत जिंकला. ऑनलाइन तीन मिनिटांच्या डावांत एंग्लुंडचे निकाल बरे दिसले तरी ते तीन मिनिटांचेच. नव्वद मिनिटांच्या डावात समोरचा माणूस सहाव्या चालीला दहा मिनिटं विचार करतो.

आणखी एक गोष्ट फारसं कुणी बोलत नाही. आल्बिन आणि बुडापेस्ट दोन्हींना पांढऱ्याचा सी४ लागतो. त्याने दुसऱ्या चालीला घोडा एफ३ काढला किंवा उंट एफ४ वर ठेवून लंडन नावाची ओपनिंग मांडली, आणि आजकाल क्लबात लंडन फार, तर सगळी तयारी कपाटात. एंग्लुंड मात्र डी४ दिसताच खेळता येते, आणि मुलांना ती आवडण्याचं निम्मं कारण तेच आहे. म्हणून ओपनिंग निवडताना ती किती वेळा वाट्याला येईल हेही मोजा, आणि ती न आल्यास काय खेळायचं ते आधीच ठरवा.

भाच्याला मी एवढंच करायला सांगितलं: आठवडाभर रोज संध्याकाळी आपल्याच ओपनिंगविरुद्ध पांढरी मोहरी घेऊन बस आणि ती मोड. एंग्लुंड त्याने दुसऱ्याच दिवशी मोडली, आणि स्वतःच सोडली. आल्बिन मोडायला त्याला शनिवार लागला. त्याच्या वहीत ए३ च्या रस्त्याचं पान आहे. दहाव्या चालीच्या ई३ पुढे लाल पेनाने गोल केला आहे, खाली काळ्याचा उंट ई६ वर, आणि त्यापुढे त्याच्या अक्षरात दोन ओळी: "इथे मी थोडा वाईट आहे. पण मला पुढे कसं खेळायचं ते माहीत आहे." जी३ च्या रस्त्याचं पान अजून कोरं आहे. पुढच्या रविवारी आम्ही दोघं मिळून त्यावर बसणार आहोत, पांढरी मोहरी माझ्याकडे.